परत येणार, याचा पुरावा

नवे वर्ष लागले की दादर-माहीमच्या बसथांब्यांवर आणि मराठी वर्तमानपत्रांच्या पानांवर युरोप उगवतो. आठ दिवस, बारा दिवस, पंधरा दिवस. पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली. किंमत मोठ्या अक्षरांत असते आणि तिच्या शेजारी एक छोटी चांदणी. चांदणीचा अर्थ खाली बारीक अक्षरांत दिलेला असतो: व्हिसा, विमा, टिप, जीएसटी, टीसीएस वेगळे.

परळ-लालबागच्या ज्या चाळींतून एकेकाळी गिरणीच्या भोंग्यावर माणसे बाहेर पडत, त्याच चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत आता या जाहिराती कात्रण करून ठेवल्या जातात. बँकेतली सून, आयटीतला मुलगा, निवृत्त आईवडील असा हिशेब मांडला जातो. मी याच भागातल्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. माझे जुने विद्यार्थी आता तिशीत आहेत. युरोपला जायचे ठरले की त्यांतले काही जण माझ्याकडे येतात, आणि त्याचे कारण युरोप नसतो. कारण असतो निकाहनामा. तो उर्दूत असतो. फाईलला इंग्रजी लागते. तर्जुमा करून कुठे शिक्का मारून घ्यायचा, हे विचारायला ते येतात.

ही फाईल एकदा हातात घेऊन बघावी. बँकेचे काही महिन्यांचे स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रे, पगाराच्या पावत्या, नोकरीच्या ठिकाणचे रजेचे पत्र, विमानाचे जाण्या-येण्याचे बुकिंग, प्रत्येक रात्रीच्या हॉटेलचे बुकिंग, कमीत कमी ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा, लग्नाचा दाखला, बोटांचे ठसे. जून २०२४ पासून मोठ्या माणसाच्या शेंगेन व्हिसाची फी ९० युरो झाली; फेब्रुवारी २०२० पासून ती ८० होती. चौघा मोठ्यांचे ३६० युरो, म्हणजे तीस हजार रुपयांच्या वर. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. २०२४ या एका वर्षात भारतातून ११ लाखांहून जास्त अर्ज गेले आणि त्यांतले १ लाख ६५ हजारांवर नाकारले गेले. शंभरातले पंधरा.

त्या पंधरांत माझा एक विद्यार्थी होता. लालबागला घर, लोअर परळला नोकरी, लग्नाला वर्ष झालेले. नकाराचा कागद छापील असतो. त्यात कारणांच्या चौकटी असतात आणि एका चौकटीत खूण असते. त्याच्या कागदावरच्या कारणाचा अर्थ असा, की मुदत संपण्यापूर्वी तुम्ही परत जाल याबद्दल आम्हाला शंका आहे. तो म्हणाला, "टीचर, माझी अम्मी इथे, नोकरी इथे, घराचा हप्ता इथे. मी तिथे राहून करू काय?" त्याला सगळ्यात जास्त लागले होते ते पैशांचे नुकसान नव्हे. ऑफिसात, बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगून झाले होते. आता लोक विचारणार, तुझ्यातच काहीतरी खोट असेल.

त्याला जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहिते. "तू परत येशील याचा पुरावा दे" हा प्रश्न आजचा नाही आणि फक्त त्याचा नाही. मुंबई बंदरात हा प्रश्न दोनशे वर्षांपासून विचारला जातो आहे. तो कोणाला विचारला गेला आणि कोणाला नाही, हा या शहराच्या इतिहासाचा एक धडाच आहे.

सुरुवात वरच्या डेकपासून करू. १८६० साली बद्रुद्दीन तय्यबजी शिकायला विलायतेला गेले तेव्हा सुएझ कालवा झालेला नव्हता. सुएझला जहाज सोडायचे, इजिप्त जमिनीवरून ओलांडायचा, अलेक्झांड्रियाला दुसरे जहाज धरायचे. १८६९ ला कालवा खुला झाला आणि मुंबई हे युरोपचे दार बनले. १८८१ ला थॉमस कुक कंपनीने मुंबईत कचेरी उघडली. तिकीट, आगगाडी, हॉटेल, पैशांची अदलाबदल, सगळे एका खिडकीवर. पॅकेज टूर म्हणतो तो धंदा असा या शहरात आला.

१९०६ ला अतिया फैजी याच बंदरातून लंडनला गेल्या. माझ्यासारख्या बीएड झालेल्या बाईला त्यांची आठवण जवळची वाटते, कारण त्या गेल्या होत्या शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला, सरकारी शिष्यवृत्तीवर. प्रकृतीमुळे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, पण त्यांची रोजनिशी उर्दूत छापली गेली आणि 'जमाना-ए-तहसील' या नावाने १९२१ ला पुस्तक झाले. त्यांची बहीण नाझली बेगम म्हणजे आपल्या मुरूड-जंजिऱ्याच्या बेगमसाहेबा. १९०८ ला त्या नवाब सिदी अहमद खान आणि अतिया यांच्यासोबत युरोपच्या सफरीला गेल्या. त्या सफरीचे 'सैर-ए-युरोप' हे पुस्तकही उर्दूत आहे. कोकणातल्या एका संस्थानाची मुसलमान राणी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी युरोप बघून त्यावर पुस्तक लिहिते, ही गोष्ट आपल्या मुलींना कोणी सांगत नाही.

या प्रवाशांना कागद किती लागले? तुर्कस्तान आणि रशियासारखे देश पासपोर्ट मागत. ब्रिटन, फ्रान्स, स्वित्झर्लंडला जाणाऱ्याला पहिल्या महायुद्धापूर्वी तो लागत नसे. तिकीट आणि खिशात पैसे असले की झाले. बँकेत किती शिल्लक आहे, परत कधी येणार, लग्न झाले आहे का, हे कोणी विचारत नव्हते.

अडचण होती ती घरच्यांची आणि जातीची. १८८८ ला मोहनदास गांधी मुंबईहून निघाले तेव्हा त्यांच्या जातीची इथे सभा भरली. त्यांना जातीबाहेर टाकले गेले आणि जो त्यांना मदत करेल किंवा गोदीवर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरला. महाराष्ट्रातही समुद्र ओलांडून आलेल्या हिंदूंच्या घरी प्रायश्चित्ताचा वाद बराच काळ चालला. मुसलमान घरांत समुद्राची बंदी नव्हती, पण बाई एकटी जाणार म्हटल्यावर पडद्याचा प्रश्न उभा राहायचाच. म्हणजे ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना सरकार अडवत नव्हते, समाज अडवत होता.

आता त्याच जहाजाच्या खालच्या डेकवर जाऊ. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकची कामे करणाऱ्यांत कोकणातले मुसलमान खलाशी होते. रत्नागिरीकडच्या आपल्या कित्येक गावांतली घरे बोटीच्या पगारावर उभी राहिली. स्वयंपाकघरात आणि वाढपाला गोव्याचे ख्रिस्ती. हे लोक बेगमसाहेबांच्या कितीतरी आधीपासून आणि कितीतरी जास्त वेळा युरोपला जात होते. पण त्यांना नियम वेगळा होता. १८२३ च्या ब्रिटिश कायद्याने हिंदुस्थानी खलाशाला ब्रिटिश खलाशाच्या बरोबरीचे मानलेच नाही. तो तिकडे मागे राहिला तर त्याला परत पाठवायचा खर्च जहाजमालकाच्या बोकांडी. म्हणून मालक त्याच्यावर नजर ठेवी. परत आणून सोडण्याची हमी ही खलाशाच्या नोकरीचीच अट झाली. पुढे १९२५ ला ब्रिटनने आणखी एक हुकूम काढला: ज्या गोऱ्या नसलेल्या खलाशाकडे आपण ब्रिटिश प्रजा असल्याचा कागद नसेल त्याने परदेशी म्हणून पोलिसांकडे नोंद करायची. ज्या साम्राज्याची बोट तो चालवत होता त्याच साम्राज्याचा मी आहे, हे त्याने सिद्ध करायचे होते.

तिसरी रांग हाजींची. युरोपचा विषय चालू असताना हज कुठून आला, असे वाटेल. पण आजच्या पर्यटकाची फाईल सगळ्यात जास्त जुळते ती हाजीच्या कागदांशीच. मुंबई हे हजचे हिंदुस्थानातले मोठे बंदर होते. पंजाब, बंगाल, अगदी मध्य आशियातूनही लोक इथे येत, क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात मुक्काम करत, बोटीची वाट बघत. त्यांतले बरेच गरीब. जाण्यापुरते पैसे जमवायचे, परतीचे अल्लाह बघेल. असे काही लोक जेद्दाहला अडकत आणि त्यांना परत आणायचे कोणी, यावर ब्रिटिश वकील आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चाले.

१८८२ ला हाजींसाठी वेगळा पासपोर्ट आला. विलायतेला जाणाऱ्या साहेबाला जो कागद लागत नव्हता तो मक्केला जाणाऱ्या शेतकऱ्याला आधी लागला. तो फुकट मिळे आणि त्यासाठी ऐपतीचा पुरावा मागितला जात नसे, कारण धर्माच्या कामात आडकाठी करणार नाही असे वचन राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात होते. त्याच सुमाराला तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर तुर्की सरकारचे क्वारंटाईन सुरू झाले. हाजींना तिथे उतरवायचे, कपडे-सामान धुरी देऊन साफ करायचे, दिवस मोजत ठेवायचे. १८८६ ला सरकारने हाजींच्या प्रवासाचे काम कोणाला द्यावे? थॉमस कुकला. ज्या कंपनीच्या खिडकीवर मुंबईचे श्रीमंत पॅरिसचे तिकीट काढत, तिच्याचकडे हजची व्यवस्था आली. १८९३ ला हा करार संपला.

१८९६ ला मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला आणि १८९७ ला हजच्या प्रवासावरच बंदी आली. आणि १९२५ ला कायदा झाला: हाजीने परतीचे तिकीट आधीच काढायचे, नाहीतर परतीच्या भाड्याची रक्कम अनामत ठेवायची. तोवर धर्माच्या वचनामुळे जी अट सरकार टाळत आले होते ती शेवटी लागू झाली. कायद्याने अडकलेल्या लोकांचे हाल कमी झाले, हेही खरे आहे. पण अट कोणाला, हे बघा. त्याच वर्षी, त्याच बंदरात, खलाशाला "तू कोण" आणि हाजीला "तू परत कसा येणार" असे विचारले जात होते.

मधल्या काळात पासपोर्ट सगळ्यांच्याच गळ्यात पडला होता. पहिल्या महायुद्धात, १९१७ ला, हिंदुस्थानातून बाहेर जाणाऱ्याला तो सक्तीचा झाला. युद्ध संपले, सक्ती उठली नाही. १९२० ला पासपोर्टचा कायदाच आला.

स्वातंत्र्यानंतर अडचणीचे रूप पालटले. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला उडाले. तिकीट होते १,७२० रुपये. आदल्याच वर्षी औद्योगिक न्यायालयाने मुंबईच्या गिरणी कामगाराचा किमान मूळ पगार महिना ३० रुपये ठरवला होता. महागाई भत्ता वेगळा धरला तरी हिशेब करून बघा: परळच्या गिरणीतल्या माणसाचा पावणेपाच वर्षांचा मूळ पगार म्हणजे लंडनचे एक तिकीट. ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे होते त्यांच्यापुढे रिझर्व्ह बँकेचा पी फॉर्म होता. परकीय चलन देशाला पुरत नव्हते आणि एका काळात खासगी प्रवाशाला हातात मिळत आठ डॉलर. तिकडे कोणी नातेवाईक नसेल तर आठ डॉलरमध्ये जेवायचे काय? १९६० ला पु. ल. देशपांड्यांचे 'अपूर्वाई' आले. गिरगाव-दादरच्या घराघरांत ते वाचले गेले, कारण बहुतेकांना युरोप पुस्तकातच बघायचा होता.

पासपोर्ट मिळणे हाही तेव्हा सरकारच्या मर्जीचा भाग होता. १९६७ ला सर्वोच्च न्यायालयाने सतवंत सिंग साहनी खटल्यात सांगितले की परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्यात येतो. त्याच वर्षी आजचा पासपोर्ट कायदा झाला. आज लोअर परळला पासपोर्ट सेवा केंद्र आहे. तिथे आपण टोकन घेऊन बसतो, तेव्हा हा हक्क कोर्टात झगडून मिळाला आहे हे ध्यानात असावे.

जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. १९८४ ला केसरी पाटील यांनी 'केसरी टूर्स' सुरू केली. एकीकडे लालबागचे भोंगे थांबत होते आणि हाकेच्या अंतरावर मराठी माणसाला सहलीला नेणारा धंदा मोठा होत होता. पुढे २०१३ ला त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी 'वीणा वर्ल्ड' काढली. मराठी बोलणारा टूर लीडर आणि परमुलखात ओळखीचे जेवण मिळेल ही खात्री, यावर हा धंदा उभा राहिला. इंग्रजी न येणाऱ्या, एकट्याने कधी पुणे सोडून गेलेल्या नसलेल्या बायकांना त्याने जग दाखवले, हे श्रेय द्यायलाच हवे.

पण चलनाचे दार जसजसे इकडून उघडत गेले तसतसे व्हिसाचे दार तिकडून बंद होत गेले. १९८६ पर्यंत भारतीय पर्यटकाला ब्रिटनला जाण्यासाठी आधी व्हिसा घ्यावा लागत नसे. त्या वर्षी ब्रिटनने भारतीयांना व्हिसा सक्तीचा केला. फ्रान्सनेही त्याच वर्षी बहुतेक परदेशी लोकांवर ही सक्ती आणली.

मग आले १९९५. मार्चमध्ये शेंगेन करार सात देशांत अमलात आला: आतल्या सीमा उघडल्या, बाहेरची भिंत एक झाली. ऑक्टोबरमध्ये 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' लागला आणि मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात वर्षानुवर्षे टिकून राहिला. स्वित्झर्लंड घरोघरी पोचले. आणि त्याच वर्षी मुंबईहून हाजींची बोट कायमची बंद झाली, पुढचा हज विमानाने. बोटीवरच्या गर्दीचे दिवस संपले, पण बोटीवरच्या गर्दीला विचारले जाणारे प्रश्न मात्र आता सगळ्यांच्या फॉर्मवर आले. परतीचे तिकीट दाखवा. पैसे दाखवा. आजारी पडलात तर खर्च कोण देणार ते दाखवा. २००१ ला झुबिन करकरिया यांनी मुंबईत व्हीएफएस सुरू केली, आणि वकिलातींसाठी अर्ज गोळा करण्याचा हा मुंबईत जन्मलेला धंदा जगभर पसरला. परतीची हमी मागणारी खिडकी या शहराला अगदीच ओळखीची होती.

न्यायाने दुसरी बाजूही सांगते. काही गोष्टी सोप्या झाल्या. पूर्वी फ्रँक, मार्क, लिरा असे चलन सीमेसीमेवर बदलताना दरवेळी थोडे पैसे गळत. २००२ पासून युरो एकच. अनेक देशांना एक व्हिसा पुरतो. कोणत्याही देशाला येणारा माणूस कोण आहे हे विचारायचा हक्क आहेच. आणि जादा आकारणीबद्दल बोलायचे तर व्हेनिसने २०२४ पासून ठराविक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना पाच युरो लावले, लूव्ह्र संग्रहालयाने जानेवारी २०२६ पासून युरोपाबाहेरच्यांचे तिकीट ३२ युरो केले, म्हणून आपण चिडतो. पण समोरच्या घारापुरीच्या लेण्यांत आपण ४० रुपये देतो आणि परदेशी पाहुण्याकडून ६०० घेतो. पाहुण्याकडून जास्त घेण्याची रीत आपलीही आहे.

म्हणून माझी तक्रार फीबद्दल कमी आहे. तक्रार आहे ती संशयाच्या पद्धतीबद्दल. दोनशे वर्षांत ज्याच्याकडे पैसा आणि रुतबा होता त्याला "परत येशील ना" असे क्वचितच विचारले गेले. खलाशी, हाजी, आणि आता लालबागचा पगारदार, यांनाच हा प्रश्न. माणूस तोच असतो. कागदावरून तो भरवशाचा आहे की नाही हे कोणी तिसराच ठरवतो. नकार आला म्हणजे माणसात खोट आहे, असे समजणे चुकीचे आहे.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. नकाराचे कारण लेखी मिळते आणि अपिलाचा हक्क असतो. तो कागद फाडून टाकू नका, पुन्हा अर्ज करताना त्याच कारणाला उत्तर द्या. आणि एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम थोडा सैल झाला आहे: तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो, त्यानंतर पाच वर्षांचा. टीसीएसची रक्कम विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते, पण तोवर ती अडकलेली असते, हे बजेटमध्ये धरा.

आणि एक विनंती ज्यांना कुठेच जायचे नाही त्यांना. कोकणातल्या घरात, पत्र्याच्या पेटीत, नाना-दादांचे बोटीवरचे पुस्तक असेल, हजचा जुना पास असेल, बोटीच्या तिकिटाचा तुकडा असेल. घर पाडून नवे बांधताना हे कागद रद्दीत जातात. ते टाकू नका. आपल्या लोकांनी जग कसे बघितले आणि त्यांना काय काय सिद्ध करायला लावले, याचे पुरावे त्या पेट्यांतच आहेत. मजकूर उर्दूत असेल आणि घरात वाचणारे कोणी उरले नसेल, तर शाळा सुटल्यावर मी असतेच. घेऊन या, बसून वाचू.